सोळा इंच की वीस

ओव्हनवरचं घड्याळ हिवाळ्यासाठी तासभर मागे कसं घ्यायचं हे मला दर ऑक्टोबरात नव्याने शिकावं लागतं. दोन बटणं एकदम दाबायची की एकामागून एक, हे मार्चमध्ये येत असतं आणि ऑक्टोबरपर्यंत विसरलेलं असतं. यंदाही अशीच दाबत उभी होते. बाहेर पाचाच्या आतच दिवेलागण झाली होती. शेजारच्या बर्चच्या झाडाची पानं नेमाने आमच्याच पन्हळीत पडत होती, आणि कुठल्यातरी पोराने आतापासूनच फटाका लावला. या दिवसांत बर्मिंगहॅममध्ये फटाका कोणाचा हे सांगता येत नाही. दिवाळीचा असतो, पाच नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटचा असतो, कधी नुसताच शुक्रवारचा असतो. वास मात्र एकच.

जळलेल्या दारूच्या त्या वासाने लोकांना म्हणे बालपण आठवतं. मला एक पत्र्याची लांबट शेड आठवते. विटांच्या बंद पडलेल्या भट्टीच्या आवारातली, एका टोकाला वाळूचा ढिगारा आणि दुसऱ्या टोकाला चहाची किटली असलेली. तिथे चार-पाच वर्षांपूर्वीच्या एका शरदात मी दर रविवारी कानांवर आवाज अडवणारी मोठी बोंडं लावून बसत असे, आणि माझा नवरा सोळा इंची नळीची बंदूक घ्यावी की वीस इंची, याचा विचार करत असे. एवढीच त्या ऋतूची गोष्ट. इतकी छोटी गोष्ट मला अजून पुरते आहे, याचं मलाच नवल वाटतं.

बंदूक म्हटल्यावर आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक दचकतात, म्हणून आधी सांगून टाकते. श्रीकांत हाडांचा सर्जन. सांगलीच्या कॉलेजात एनसीसीत होता, तिथे त्याला नेमबाजीचं बक्षीस मिळालं होतं, आणि माणसाला तरुणपणी मिळालेलं एखादं बक्षीस पुढे किती महागात पडेल ते सांगता येत नाही. इथे हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याने त्याला नेमबाजीच्या क्लबात नेलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी या देशातून कायद्याने पिस्तुलं गेली, तेव्हा पिस्तूलवाले सभासद अमेरिकन पद्धतीच्या लिव्हर-रायफलींकडे वळले. या बंदुकीच्या पोटाखाली लोखंडी कडी असते. ती खाली ढकलून वर ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत जातं. सिनेमातला घोडेस्वार वापरतो तीच. आमच्या क्लबात घोडे नव्हते. निवृत्त अकाउंटंट, प्लंबर, एक दंतवैद्य आणि कागदाची लक्ष्यं होती.

मी कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते. शस्त्रांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही आणि समारंभांबद्दल तर त्याहून वाईट आहे. क्लबात दोन्ही होतं. चिटणीस डेरेक हा पूर्वी बँकेत मॅनेजर होता. क्लबचा टाय लावल्याशिवाय तो गोळ्या झेलणाऱ्या वाळूकडेही बघत नसे, आणि दर रविवारी सुरक्षेचे नियम त्याच त्या माणसांना सत्यनारायणाच्या पोथीसारखे वाचून दाखवत असे. आपण ऐकायचं आणि शेवटी चहा-बिस्किटाचा प्रसाद घ्यायचा. महिन्यातून एकदा काही सभासद काउबॉयचा वेश करून येत. गुडघेदुखीच्या गोळ्या खाणारी माणसं कमरेला पट्टे आणि बुटांना घोडेस्वाराची काटेरी चाकं लावून, भाजीच्या पिशव्या घेऊन गाडीतून उतरत. मी पुस्तक घेऊन जाई आणि उघडत नसे.

श्रीची बंदूक लांब होती. चोवीस इंची अष्टकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता. दिसायला देखणी आणि पुढच्या बाजूला जड. त्या जडपणाचंच त्याला कौतुक होतं. नाक जड असलं की नेम हलत नाही, असं तो म्हणे. त्या नाकाला धरून ठेवणारा हात डावा.

त्या मार्चमध्ये त्याचा डावा खांदा एकाएकी दुखायला लागला. इतका, की तो जेवणाच्या टेबलाला कपाळ टेकून बसला. दुखणं काही आठवड्यांनी गेलं आणि जाताना हाताची ताकद बरोबर घेऊन गेलं. खांद्याजवळच्या नसांची सूज. त्याच्याच ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टने सांगितलं, बहुतेकांची ताकद वर्ष-दोन वर्षांत परत येते. पेशंटला असं सांगितलं तर तो विचारतो, "आणि बाकीच्यांची?" श्री डॉक्टर होता, त्याने विचारलं नाही. ऑपरेशनं बंद झाली, ओपीडी सुरू राहिली. कोणी हाताची चौकशी केली की तो म्हणे, "सुधारतोय." एप्रिलमध्ये म्हणे, जुलैमध्ये म्हणे. हात मात्र कपाटातल्या वरच्या फळीपर्यंत एप्रिलमध्ये पोचत नव्हता, आणि जुलैमध्येही नाही.

क्लबात तो जात राहिला. बंदूक पिशवीत घालून गाडीत ठेवायची, तिथे नेऊन कोपऱ्यात उभी करायची, चहा प्यायचा, परत आणायची. गाडी मी चालवत असे, म्हणून मला हे माहीत. देवदर्शनाला निघालेल्या पालखीसारखी ती बंदूक जायची आणि यायची, आणि तिच्याबद्दल आम्ही बोलत नसू.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. सांगलीला कोयती-विळे मांडत, इथे श्री स्वतःचा स्टेथोस्कोप, हाड कापायची एक जुनी करवत आणि बंदूक मांडत असे. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते मला आजही ठाऊक नाही. इथल्या कायद्यानेच ते बायकोला ठाऊक असू नये. आमच्या संसारातलं हे एकमेव गुपित, आणि तेही सरकारच्या आज्ञेने पाळलेलं. तर त्या वर्षी त्याने करवत काढली नाही. बंदूक मात्र टेबलावर आली. झेंडूच्या जागी सुपरमार्केटातली शेवंती होती. त्याने उजव्या हाताने ओलं हळदकुंकू नळीला आणि कडीपाशी भरपूर लावलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. नमस्कार केला, रुमालाने वरवर पुसली आणि कपाटात ठेवून दिली.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी क्लबात मॉरीन त्याच्यापाशी आली. शाळेत दुपारचं जेवण वाढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेली ही बाई, सहा फूट उंच आणि वेश करणाऱ्यांतली पुढारी.

"बॅब, ती तुझी लांबडी जरा दे बघू," ती म्हणाली. बर्मिंगहॅममध्ये बॅब म्हणजे बाळा, राजा, बाई, बुवा, सगळंच. "कितीतरी दिवसांत चालवली नाही मी असली."

नाही कसं म्हणणार? तिथला रिवाजच तो. कोणीही कोणाचीही बंदूक मागायची, मालकाने शेजारी उभं राहायचं आणि द्यायची. श्रीने पिशवी उघडली. मॉरीनने कडी ओढली, ती अडखळत आली. तिने चष्मा वर केला आणि बोटाने काहीतरी खरवडलं.

"हे काय, श्री? कस्टर्ड?"

कडीच्या खाचेत हळद वाळून बसली होती. आणि नळीवर, जिथे ओलं बोट टेकलं होतं तिथे, बरोब्बर बोटाएवढा गंजाचा डाग. आमचे लोक लोखंडावर इतकं प्रेम करतात की लोखंडाला ते सोसत नाही.

मग मीच सांगितलं, की वर्षातून एकदा आम्ही हत्यारांची पूजा करतो. ज्याच्या जिवावर जगतो त्याचे आभार मानायचे, असं त्यामागचं कारण.

मॉरीनने विचार केला. "माझ्या नवऱ्याने हातोडीला एवढा मान दिला असता तर एकतरी फळी सरळ लागली असती," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "पण हिच्यातलं तेल वाळलंय, बॅब. तू उन्हाळाभर उडवलेली नाहीस ही."

"खांदा जरा धरलाय. येईल जागेवर."

"येईल तेव्हा येईल. तोवर माझी घे."

आणि तिने स्वतःची आखूड बंदूक त्याच्या हातात दिली. हात पुढे करावाच लागला. अशी सुरुवात झाली.

पुढचे सगळे रविवार मला आता एकच लांब दुपार असल्यासारखे आठवतात. बाहेर भट्टीच्या आवारात चिखल, त्यावर पिवळी पानं, आत गॅसच्या शेगडीची ऊब, ओल्या कोटांचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास, आणि टेबलावर ओळीने मांडलेल्या आखूड बंदुका. बातमी पसरली होती. डॉक्टरांना आखूड नळी बघायचीय म्हटल्यावर जो तो आपली घेऊन येऊ लागला. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला नातेवाईक यावेत तसे. प्रत्येकाला आपल्या स्थळाचे गुण सांगायचे होते.

मला तोवर वाटत होतं, बंदूक म्हणजे बंदूक. इथे कळलं की वीस इंचांतही दोन घराणी आहेत. एक कार्बाइन, गोल आणि सडपातळ नळीची, घोड्यावर बांधता यावी म्हणून हलकी. दुसरी शॉर्ट रायफल. तीही वीसच इंची, पण नळी अष्टकोनी आणि जाड. लांबी तीच, वजन मात्र कितीतरी जास्त. डेरेककडे ही दुसरी होती, आणि ती त्याला शोभतही होती. आणि मग सोळा इंची. तिला ट्रॅपर म्हणत, कारण जंगलात सापळे लावणारी माणसं ती वापरत, असा समज. मॉरीनच्या ट्रॅपरची कडी वाटीएवढी मोठी होती.

"हातमोजा घालून चालवता यावी म्हणून," डेरेकने सांगितलं.

"खोटं," मॉरीन म्हणाली. "झोकात दिसते म्हणून."

श्रीने ती चालवली. त्याची बारीक बोटं त्या मोठ्या कडीत लोलकांसारखी हलत होती. पण बंदूक खांद्याला लागली आणि तिथेच राहिली. डावा हात थरथरला, पण खाली आला नाही. पाच-सहा गोळ्या सुटल्या. आखूड नळीचा आवाज मोठा, टोक उसळतंही जास्त. कागदावर भोकं कुठेही पडली होती. तरी मार्चनंतर पहिल्यांदा त्याने उडवलेल्या बंदुकीची भोकं होती ती. मी ती बघत होते आणि तो बघत नव्हता.

"हलकी आहे," तो म्हणाला, तक्रार केल्यासारखं. "नेम हलतो."

मग डेरेकची जड वीस इंची. तिच्या पहिल्या गोळ्या चांगल्या लागल्या आणि पुढे नाक खाली जायला लागलं. मग क्लबच्या मालकीची वीस इंची कार्बाइन. ती मधली. या बंदुकांची काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक भरतात, म्हणून भरलेली असताना पुढून जड असते आणि दर गोळीगणिक हलकी होत जाते. हे ऐकून मला बरं वाटलं. जगात काहीतरी आहे की ज्याचं ओझं सरत्या वेळेबरोबर कमी होतं.

श्रीने कार्बाइन निम्मीच भरून पाहिली. ट्रॅपर पूर्ण भरून पाहिली. लहान कडीची एक ट्रॅपर दंतवैद्याने आणली होती, ती पाहिली. दर रविवारी घरी येताना गाडीत तो मला सगळं पुन्हा समजावून सांगे, आणि दर रविवारी शेवटी म्हणे, "बघू. घाई काय आहे."

एकदा शेजारच्या ब्लॅक कंट्री भागातल्या एका बंदुकीच्या दुकानातही गेलो. दुकानदाराने वीस आणि सोळा शेजारी-शेजारी ठेवल्या. किंमत एकच.

"एकच कशी?" श्री म्हणाला. "हिची नळी चार इंच कमी आहे."

"बरोबर."

"मग चार इंचांचे पैसे कमी नकोत?"

"डॉक्टर, कापायलाही माणूस लागतो," दुकानदार म्हणाला.

मला हसू आलं, पण श्रीला खरोखरच पटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. आम्ही शाळेचा गणवेश दोन वर्षं पुरेल असा मोठा शिवून घेतलेली माणसं. शिंप्याकडून उरलेला कपडा मोजून परत आणणारी. त्याच किमतीत लांब मिळत असताना आखूड घेऊन यायचं हे आमच्या रक्तातच बसत नाही. श्रीने त्या दुकानात कापलेले चार इंच पिशवीत घालून मागितले नाहीत, हेच पुष्कळ. आम्ही काहीच न घेता परतलो. गाडीत तो म्हणाला, "वीसच घ्यावी. हात आला की वीस उपयोगाची. सोळा मग पडून राहील."

हात आला की. तेव्हा मला उलगडलं की ही निवड बंदुकीची नव्हतीच. सोळा इंची घेणं म्हणजे हात आता असाच, यावर सही करणं होतं. वाढत्या अंगाचा गणवेश घेताना आपण मूल वाढेल यावर पैज लावतो. तो वीस इंची घेऊन हात वाढेल यावर पैज लावत होता. आणि आखूड बंदुकांची ही सगळी मिरवणूक, हे सगळे रविवार, म्हणजे सही लांबवण्याची सोय होती. मी गिअर बदलला. स्टिअरिंग माझ्या हातात होतं तेवढं पुरे.

मंडळाची दिवाळी मधे येऊन गेली. हॉलमध्ये प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ, आभारप्रदर्शनाचंही आभारप्रदर्शन, आणि फराळ मिळेस्तोवर मुलं झोपलेली. लंडनकडच्या इल्फर्डहून आलेल्या एका डॉक्टरांनी श्रीच्या खांद्यावर, नेमक्या डाव्याच, थाप मारली.

"काय राव, हात काय म्हणतो?"

"सुधारतोय."

"मग पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये केव्हा?"

"बघू. घाई काय आहे."

त्या हॉलमध्ये सगळे आमचेच होते, आमच्याच भाषेतले. तिथे त्याला खरं बोलता येत नव्हतं. मी हे कोणाला दोष म्हणून लिहीत नाही. आपल्या माणसांना आपल्याबद्दल आशा असते, आणि ती मोडताना आपल्यालाच अपराधी वाटतं.

नोव्हेंबरात त्याने नवं कारण काढलं, आणि ते कारण खोटं नव्हतं. आखूड नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो दाणा, डोळ्याच्या जवळ येते. पन्नाशीच्या डोळ्याला ती पुसट दिसते. लांब नळीवर ती दूर असते, म्हणून स्पष्ट.

"हाताला आखूड हवी आणि डोळ्याला लांब," तो म्हणाला, जवळजवळ खुशीत. कोडं सुटत नाही असं सिद्ध झाल्याची खुशी.

मॉरीन बिस्किट बुडवत होती. "डोळ्याला चष्मा मिळतो, बॅब," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. कोणी काही शिकवत नव्हतं, कोणी शहाणपण सांगत नव्हतं. तिने ते बिस्किटही वेळेत बाहेर काढलं नाही, ते चहात पडलं. पुढच्या आठवड्यात श्रीने कमी नंबरचा एक चष्मा करून घेतला. त्या रविवारी दंतवैद्याची लहान कडीची ट्रॅपर खांद्याला लावली, तेव्हा माशी काळी कुळकुळीत दिसली असणार, कारण भोकं कागदाच्या मधल्या काळ्या गोलात पडली. सगळीच नाहीत. पण पुष्कळ. डेरेकने कागद हातात धरून पाहिला, टाय सारखा केला आणि एवढंच म्हणाला, "ठीक आहे, डॉक्टर." त्या माणसाने इतकं कमी बोलण्याचा तो एकच प्रसंग.

आता सबबी संपल्या होत्या. मला त्या शेडमध्ये बसून त्याची दया आली. इतक्या प्रेमाने कोणी कोणाला कोपऱ्यात गाठलेलं मी पाहिलं नव्हतं.

या लोकांचे आभार कसे मानायचे हे मला तेव्हा कळलं नाही. डेरेक, मॉरीन, नाव आता आठवत नाही असा तो दंतवैद्य. त्यांनी श्रीला कधीच विचारलं नाही, की हात कसा आहे. विचारलं ते इतकंच, की ही कशी वाटते, ती कशी वाटते. मला आधी हा इंग्रजी कोरडेपणा वाटायचा. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना फळं आणि प्रश्न घेऊन जातात. यांनी स्वतःच्या बंदुका आणल्या, ज्या ते एरवी पुतण्यालाही हात लावू देत नसत, आणि स्वतःची काडतुसं जाळली. त्याच्या दुखण्याला त्यांनी आडवळणाने हात घातला, आणि आडवळण इतकं लांब ठेवलं की चालणाऱ्याला दम खाता यावा. मी आयुष्यभर समारंभांना हसत आले. पण तो टाय, ते बुटांचे काटे, ती पोथी, हे सगळं नसतं तर ही माणसं दर रविवारी जमली नसती, हेही मला मान्य करावं लागतं. मॉरीनचे पुढे मी एकदा आभार मानायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "कशाबद्दल, बॅब?"

डिसेंबरच्या सुरुवातीला प्रिचर्ड आले. या देशात बंदूक ठेवायची तर पोलिसांचा परवाना लागतो, परवान्यावर प्रत्येक बंदूक वेगळी लिहिलेली असते आणि प्रत्येकीसाठी सबळ कारण द्यावं लागतं. प्रिचर्ड म्हणजे त्यासाठी घरी येऊन चौकशी करणारा माणूस. पूर्वी हवालदार होते. बारीक, थकलेले, ओल्या रेनकोटातले. श्रीने परवान्यात फेरफार मागितला होता. काय उत्तर द्यायचं ते त्याने गाडीत माझ्यासमोर घोकलं होतं. लांब बंदूक एका प्रकारच्या स्पर्धांसाठी, आखूड दुसऱ्या प्रकारच्या. दोन्ही ठेवायच्या. आखूड तात्पुरती.

प्रिचर्ड वर जाऊन कपाट बघून आले. भिंतीला पक्कं आहे का ते त्यांनी हलवून पाहिलं, असं वरून आलेल्या आवाजावरून समजलं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. मी चहा केला आणि दिवाळीच्या उरलेल्या चकल्या ठेवल्या. बाहेर अंधार होता. त्यांनी एक चकली उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि मोडली.

"तर डॉक्टर," ते म्हणाले, "लांब नळीची आहे ती तुमच्याकडे राहणार. आणि तिच्याशिवाय एक आखूड. किती इंची?"

"सोळा," श्री म्हणाला. निदान आकडा ठरला होता.

"सोळा. काही हरकत नाही. ऑफिसात दोन्हीला कोणी नाही म्हणणार नाही. या दुसरीचं सबळ कारण?"

त्यांनी पेन टेकवून ठेवलं. श्री पेनच्या टोकाकडे बघत होता. मला वाटलं, घोकलेलं विसरला. मी ते पाठ केलं होतं, मी सांगू शकले असते. सांगितलं नाही.

"दुसरी नको," श्री म्हणाला. "एकच. लांब काढून टाका. तिच्या जागी सोळा लिहा."

"बरं." प्रिचर्डनी एक ओळ खोडली, दुसरी लिहिली. पण कारणाची जागा रिकामी होती, म्हणून त्यांनी मान वर केली आणि वाट पाहिली.

"माझा डावा हात आता बरा होणार नाही," श्री म्हणाला.

इंग्रजीत म्हणाला, शांतपणे, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना तो जसा बोलतो तसा. कोणाशीही, कुठल्याही भाषेत, त्याने हे तोवर म्हटलं नव्हतं. माझ्याशी नाही, सांगलीला घरच्यांशी फोनवर नाही, न्यूरॉलॉजिस्टशीही नसावं. मी सिंककडे तोंड करून उभी राहिले आणि नळ सोडला नाही, आवाज होऊ नये म्हणून.

प्रिचर्डनी तोंडातली चकली चावून संपवली. त्याला वेळ लागला, चकल्या जरा कडकच झाल्या होत्या.

"वाईट झालं, डॉक्टर," ते म्हणाले. मग जरा संकोचून, "पण इथे तेवढं लागत नाही. 'टार्गेट शूटिंग' लिहिलं की पुरतं."

आणि त्यांनी ते लिहिलं.

श्री हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग चांगला मोठ्याने, इतका की प्रिचर्ड माझ्याकडे बघू लागले. वेड्याला बंदूक द्यायची नाही असाही नियम आहेच. मी म्हटलं, "ते असेच हसतात." त्यांना ते पुरलं असावं, कारण त्यांनी आणखी एक चकली घेतली.

ते गेल्यावर दारातून बराच गारवा आत आला होता. श्रीने दार लावलं आणि तिथेच पाठ टेकून उभा राहिला.

"सुलू, सोळाच बरी ना?"

"तुला उचलवते का?"

"उचलवते."

"मग झालं," मी म्हटलं आणि कपबशा विसळायला घेतल्या.